कडी लावलेला शेवट

"मॅडम, अभिनंदन. तुमचे आजोबा वाचले की," असं सुजित म्हणाला, तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर डोळे तपासायची जड फ्रेम ठेवून तिच्यात एकेक भिंग घालत होते. हातातलं भिंग चुकीच्या खाचेत गेलं. ते गृहस्थ म्हणाले, "आता तर काहीच दिसत नाही," आणि मला मनापासून वाटलं, बरं आहे, नका बघू. माणगावात हायवेला लागून हे चष्म्याचं दुकान आहे. मी पुढे गिऱ्हाइकं बघते, सुजित मागच्या खोलीत काचा घासतो. तो ज्यांना आजोबा म्हणत होता ते माझे बाबा, रामचंद्र, आणि त्यांना जाऊन पाच वर्षं होऊन गेली आहेत. पण सुजितला ते मोबाइलमधले म्हणून माहीत. माझा धाकटा भाऊ दिपेश पुण्यात चार जणांना घेऊन गेम बनवतो, आणि त्यांचा आजवर एकच गेम चालला, 'मागची वाडी'. समुद्राजवळ एक घर, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीत एक म्हातारा. खांद्यावरचा पंचा, डाव्या पायाची लंगड, खोकायच्या आधी मान वळवायची सवय, सगळं बाबांचं उचललेलं. शेवटी वादळ येतं आणि म्हातारा मरतो. म्हणजे मरायचा. "काल अपडेट आलं ना," सुजित सांगत होता, "आता मागच्या दाराला कडी लावता येते. लावली की म्हातारा आतच बसतो. खरा शेवट तोच आहे म्हणतात आता." त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की मी पेढे मागवले असते तर त्याने दोन खाल्ले असते.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, पण वाटेत ती गुडघ्यांशी जरा थांबते, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्या गृहस्थांना सोमवारी या म्हणून सांगितलं आणि मागच्या मोरीवर जाऊन तोंड धुतलं. कडी लावता येते. म्हणजे लावता आली असती. म्हणजे कुणीतरी लावली नाही. आरशात माझ्याकडे जी बाई बघत होती तिला मी विचारलं, की मग ती कुणीतरी कोण, आणि त्या प्रश्नाचा मला इतका राग आला, की नळ बंद करायचा राहिला.

वादळाच्या दिवशी सकाळपासून वारा आमचं दिवेआगरचं घर धरून हलवत होता. घरात आम्ही तिघं, बाबा, आई आणि मी. दिपेश पुण्यात, फोन बंद. दुपारी वारा एकदम पडला. इतका पडला, की पन्हळीतून ठिबकणारं पाणी ऐकू यायला लागलं. आमच्या गावात कुणीही, अगदी ऐंशी पावसाळे काढलेल्या माणसांनीही, वादळाचं पोट कधी पाहिलं नव्हतं. मधोमध शांत जागा असते, ती सरकली की वारा उलट्या अंगाने येतो, हे शहाणपण मागाहून टीव्हीने शिकवलं. तेव्हा सगळ्यांनी धरलं, गेलं. आणि वारं गेलं की वाडीवाले पहिल्यांदा काय करतात, तर पडीचे नारळ गोळा करतात. रीतच आहे ती. माड कुणाचाही असो, वाऱ्याने पाडलेला नारळ ज्याच्या कुंपणात पडला त्याचा, आणि कुंपणावरच अडकला तर ज्याचा हात आधी पोचेल त्याचा. आमची शेवटची ओळ धर्माजीकाकांच्या बाजूला कललेली. धर्माजीकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. दोघांच्या मध्ये एक कुंपण आणि जन्मभराची खुन्नस. बाबा मागच्या दाराने गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. चहाला उकळी यायच्या आत वारा परत आला, या वेळी डोंगराच्या बाजूने. शेवटच्या ओळीतला माड मधोमध मोडला. पुढचं मी कुणाला सांगत नाही.

दिपेशने गेममध्ये नारळ ठेवले नाहीत. त्यातला म्हातारा वासरू सोडवायला जातो. आमच्याकडे वासरू नव्हतं, बाबांना गुरांची शिसारी होती. पण दोन नारळांसाठी मेलेल्या माणसाकरता कोण रडणार, म्हणून वासरू. ते मी त्याला माफ केलं, कारण शेवट खरा होता. तो किती खरा होता हे समजायला बाराव्याला आमच्या पडवीत बसायला हवं होतं. सगळी भावकी जमलेली आणि धर्माजीकाका पान जुळवता जुळवता म्हणाले, "दोन दोन बाया घरात असताना गडी भायेर गेला कसा, म्हनतो मी?" हे स्वतः त्या वेळी कुंपणापलीकडे ओच्यात नारळ भरत होते. माड यांच्या अंगावर पडला नाही ही माडाची चूक. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मग तोच प्रश्न आत्याने विचारला, मग बोर्लीच्या मावशीने, मग पंचनाम्याला आलेल्या माणसानेसुद्धा, कागदावर न लिहिता, सहज. आई प्रत्येकाला एकच वाक्य सांगायची. "व्हनारं व्हतं ते झालं. आपल्या हातात काय व्हतं?" खाली मान घालून, तांदूळ निवडता निवडता, एकाच सुरात. पत्रे सरकारने दिले, रोपं दापोलीहून आणली, पण आमचं घर पुन्हा उभं राहिलं ते या वाक्यावर. आई या वाक्यावर जेवायची आणि या वाक्यावर निजायची. मीही निजायचे.

मग गेम आला, आणि अनोळखी लोक त्या म्हाताऱ्याला थांबवायला लागले. कुणी वासरू आधीच पडवीत आणून बांधलं. कुणी चपला लपवल्या. कुणी त्याला जेवायला बसवून भात वाढत राहिलं. काही केलं तरी वारा पडला, की म्हातारा उठायचा, पंचा झटकायचा आणि मागच्या दाराने निघून जायचा. लोक चिडायचे. काय उपयोग खेळून, आपल्या हातात काहीच नाही, असं खाली लिहायचे. ते मी दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना वाचत बसायचे. मला इतकं बरं वाटायचं. नागपूरची माणसं, कोल्हापूरची माणसं, ज्यांना पोफळ आणि माड यातला फरक कळत नाही ती माणसं माझ्या बाजूने साक्ष देत होती, की बाई, आम्हीही सगळं करून पाहिलं, नाही थांबत तो. आईलाही मी तो गेम दाखवला होता. ती पदराने डोळे पुसून म्हणाली होती, "बरोबर केलान पोरानं." आणि आता पोरानं ते बरोबर केलेलं खोडलं होतं. बैल गेला आणि झोपा केला. तोही पाच वर्षांनी, आणि वर खरा शेवट म्हणून.

शनिवार होता, मी तसंही घरी जाणारच होते. चारची एसटी धरली, खिडकीशी बसले आणि मोर्ब्याच्या आधीच अपडेट उतरवून घेतलं. रागाच्या भरात माणूस फार नीट वाचतो. शेवटच्या भागात आता आपण म्हाताऱ्याची मुलगी असतो. पूर्वी आपण कुणीच नसायचो, नुसत्या बोटाने वस्तू हलवायचो. आता आपल्याला हात आहेत, हातात बांगड्या आहेत. वारा पडतो, पडद्यावर दोन गोष्टी उजळतात, एकीकडे चूल, दुसरीकडे मागचं दार. मी चुलीला बोट लावलं. चहाचं आधण ठेवलं गेलं. म्हातारा उठला आणि गेला. पडदा काळा झाला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं, 'पुन्हा प्रयत्न करा'. शेजारी बसलेल्या बाईने माझ्याकडे पाहिलं, कारण मी बहुधा काहीतरी मोठ्याने बोलले होते. पुन्हा प्रयत्न करा. दिपेशला काय माहीत होतं मी चहा टाकत होते ते? मीच सांगितलं होतं. मीच, बाराव्याच्या आदल्या दिवशी, विहिरीपाशी, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून. ते त्याने एवढी वर्षं जपून ठेवलं आणि बटण केलं.

मग दाराला बोट लावलं. कडी लागली. तिचा आवाज आमच्याच कडीचा, जरा अडकून मग खाली पडणारा. म्हातारा दारापर्यंत आला, उभा राहिला, काहीतरी पुटपुटला, मागे फिरला आणि झोपाळ्यावर जाऊन बसला. बाहेर वारा परत आला, माड मोडले, आणि तो आत बसून कुरकुरत राहिला. खोटं कशाला बोलू, हा शेवट पहिल्यापेक्षा चांगला केला आहे. पहिल्यात घाई होती, वाऱ्याचा आवाज कुठूनतरी उसना आणलेला होता. यात घरातला उजेड कसा हिरवट होतो, कौलं कशी एकाच वेळी श्वास घेतल्यासारखी उचलली जातात, हे सगळं तंतोतंत आहे. झोपाळ्याच्या कड्या करकरतात तेव्हा म्हातारा जिवंत आहे हे कानांना कळतं. माझे डोळे भरून आले, आणि भरून आले म्हणून राग दुप्पट झाला. चांगलं केलंय म्हणूनच तर लोकांना पटणार. उद्या कुणी धर्माजीकाकांच्या नातवाच्या फोनवर हे बघेल आणि मान हलवेल, की हे बघा, कडी लावायची होती, एवढंच तर होतं. आणि आई बघेल. आई पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देते, त्या पाहुण्यांसाठी घरात वाय-फाय घेतलंय, तिच्या फोनवर सगळं आपोआप येऊन पडतं. तिला फक्त ते उघडायचं आहे, आणि तिचं ते एक वाक्य संपलं.

म्हसळ्याला गाडी थांबली, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला गेले, आणि मी स्टँडच्या मागे, जिथे रेंज जरा बरी असते, उभी राहून दिपेशला फोन लावला.

"पाहिलंस?" तो म्हणाला. हॅलोसुद्धा नाही.

"ते काढ."

"ताई, ऐक."

"आजच्या आज काढ. आईने बघायच्या आत. चार शिव्या खाल्ल्यास लोकांच्या तर लगेच बाप जिवंत केलास? आणि मला चुलीपाशी उभं केलंस?"

"तू नाहीयेस ती."

"मग कोण आहे? बांगड्या घालून चहा टाकणारी दुसरी कोण होती त्या घरात?"

तो गप्प राहिला. त्याची ही जुनी खोड आहे, समोरच्याला एकट्याने भांडायला लावायची. मी मग भांडले. तू नव्हतास तिथे, म्हटलं. तुला काय, तू चौथ्या दिवशी आलास, झाडं कापत कापत रस्ता मोकळा झाल्यावर. तुला सगळं तयार मिळालं, रडायलासुद्धा. आम्हाला विचारत होते लोक, तुला कुणी विचारलं? नाही ना? मग तू कुणाला विचारून कडी बसवलीस?

"विचारूनच बसवली," तो म्हणाला.

"कुणाला?"

"आईला विचार."

"आईचं नाव मध्ये आणू नकोस."

"ताई, मी तिला शब्द दिलाय, मी नाही सांगणार. तू घरी चाललीयस ना? तिलाच विचार." आणि फोन ठेवला.

पुढचा सगळा रस्ता मी त्याला मनातल्या मनात बोलत होते. चोराच्या उलट्या बोंबा. आईला विचार म्हणे. आईला विचारून हा कधी काय करतो? पुण्याला गेला तेव्हा विचारलं नाही, नोकरी सोडली तेव्हा विचारलं नाही. गाडी घाटातून वळत होती आणि मला लहानपणचा दिपेश दिसत होता. पत्त्यांत हरत आला, की डाव मोडून पुन्हा वाटा म्हणायचा. बाबा त्याला वाटू द्यायचे. मला नाही. मी म्हटलं तर म्हणायचे, पडलेलं पान पडलं. बाबांचा न्याय असाच होता, माणूस बघून. हे आठवलं आणि मी ते बाजूला ठेवलं. गेलेल्या माणसावर राग धरायचा नसतो. त्यांच्या फोटोला हार मीच घालते, दर शनिवारी, बाजारातून आणून. त्या दिवशी घाईत हार घ्यायचा राहिला होता, आणि तोही राग मी दिपेशच्याच खाती घातला.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. अंगणात सुपारी वाळत घातलेली. वादळानंतर लावलेल्या पोफळी आता माझ्या डोक्याच्या पुष्कळ वर गेल्या आहेत, पण उंच झाडांची सवय असलेल्या डोळ्यांना वाडी अजून उघडीच वाटते. कुंपणापलीकडून धर्माजीकाका म्हणाले, "आलीस गो?" मी हो म्हटलं आणि थांबले नाही. आई मागच्या पडवीत पायरीवर बसली होती. चष्मा मीच करून दिलेला, तो नाकाच्या शेंड्यावर, आणि फोन दोन्ही हातांत धरलेला. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता. नवा वारा, तो चांगला केलेला.

मी फोन ओढूनच घेतला. "हे बघू नकोस, आई. दिप्याने मूर्खपणा केलाय. मी त्याला काढायला लावते. असं काही नसतं. कडीबिडी लावून कोण थांबत नाही."

"दे इकडं," आई म्हणाली.

"आपल्या हातात काही नव्हतं. तूच म्हणतेस ना? मग हे कशाला बघतेस?"

"म्याच सांगितलं त्याला, कडी बसव म्हनून."

ती जरा सरकली, पायरीवर जागा केली. मी बसले नाही.

"तू चुलीपाशी व्हतीस," आई म्हणाली. "वारा पडला तसे हे उठले. म्हनाले, धर्माजी निघाला असंल, मी जातो. म्या म्हनलं, जरा थांबा. मला ते आभाळ बरं वाटत नव्हतं. पिवळं झालं व्हतं. तर ऐकनार कुठं? म्हनून म्या मागच्या दाराला कडी लावली आन दाराला पाठ लावून उभी ऱ्हायली."

"कडी लावली होतीस?"

"व्हय. लावली व्हती."

पाच वर्षं. तांदूळ निवडता निवडता, एकाच सुरात. मला आता तो सूर ऐकू आला, आणि तो समजूत घातल्याचा नव्हता, दार धरून ठेवल्याचा होता.

"मग?"

"मग काय? सर म्हनाले. म्या न्हाय सरले. दोनदा म्हनाले. मग अगदी हळू, तुला ऐकाया जाऊ नये म्हनून असंल, जवळ येऊन बोलले. तुझ्या बापाची वाडी हाय काय, म्हनाले."

वाडीत अजून उजेड होता. आई फोनकडे बघत होती, माझ्याकडे नाही. चाळीस वर्षं या बाईने त्या वाडीचं शिंपणं केलं. रहाट होता तेव्हा रहाटावर, पंप आला तेव्हा पाटाच्या वाफ्यांत उभी राहून. शेवटच्या ओळीतले माड तिने लावले, माझ्या जन्माच्या वर्षी, पोटात मी असताना. मला बाबांचा राग आला. इतका स्वच्छ राग मला कधी आला नव्हता. कुणाच्या तरी मागे लपून न येणारा, सरळ त्यांच्यावर. दोन नारळांसाठी. धर्माजीने आधी हात लावू नये म्हणून. आणि जाता जाता हे बोलून. आणि आम्ही त्यांना वासरू दिलं. मी हार घातले.

"तू नको वाईट वाटून घेऊ," मी म्हटलं. "त्यांनी ढकललंच असतं तुला. तू कडी काढली नसतीस तरी त्यांनी काढली असती. तू काय करणार होतीस? घाबरलीस तू."

आईने चष्मा काढला आणि पदराने पुसला.

"भ्याले न्हाय मी, कल्पे," ती म्हणाली. "ढकललं बी न्हाय त्यांनी. ते तर मागं फिरले व्हते. बोलून झालं आन फिरले, झोपाळ्याकडं निघाले. बसले असते. पन माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हनलं, बापाची न्हाय ना माझ्या? जा मग. म्या काढली कडी. दार सताड उघडलं आन म्हनलं, जा."

मी खाली बसले.

"दिपूला एवढंच सांगितलं, कडी लावली व्हती आन मग काढली," आई म्हणाली. "का काढली ते न्हाय सांगितलं. त्याला म्हनलं, तुझ्या त्या गेममदी कडी बसव, आन एकदा लावली की काढायची सोय ठेवू नको. कुनाला बी. तेवढं त्यानं बरोबर केलान." तिने उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. "चार पाहुनं हायत आज. भाकऱ्या टाकते," म्हणाली आणि आत गेली.

फोन माझ्या हातात चालूच होता. म्हातारा झोपाळ्यावर बसून कुरकुरत होता, आणि आत आई पीठ मळत होती, नेहमीसारखी, परातीवर बांगड्या आपटत. मला त्या म्हाताऱ्याला उठवायचं होतं. दंडाला धरून दारात उभं करायचं होतं आणि विचारायचं होतं, की ते वाक्य बोलताना जीभ कशी रेटली तुमची. मी दारावर बोट ठेवलं, मग कडीवर ठेवलं, दाबून ठेवलं, नख लावलं. काही झालं नाही. तो आत सुखरूप बसला होता, आणि त्या शेवटात आता कुणालाच दार उघडता येत नव्हतं.